सिनेटरसाहेब, इतकी घाई कसली?

तर तुम्ही पहिल्यांदाच अमेरिकेच्या सिनेटवर निवडून आलात, वॉशिंग्टनच्या कार्यालयातली खोकीसुद्धा अजून उघडून झाली नाहीत, आणि एक भाषण जरा रंगलं म्हणून लोक म्हणू लागले की राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहा. ऐकू नका. लोकांचं काय, ते कशालाही टाळ्या वाजवतात. (मतंही तेच देतात म्हणा, पण तो तपशील तूर्त बाजूला ठेवू.)

राज्यघटनेकडे तर बोट दाखवूच नका. ती या बाबतीत फारच ढिली आहे. जन्माने नागरिकत्व, वय किमान ३५ आणि देशात १४ वर्षं वास्तव्य, झालं! अनुभवाचा रकानाच नाही. घटनाकार नवखे होते, त्यांच्यापैकी कुणीच याआधी देश स्थापन केलेला नव्हता. राहून गेलं असेल.

लिंकन यांचं नावही काढू नका. हा माणूस प्रतिनिधिगृहात १८४७ ते १८४९ एवढाच बसला, १८५८ मध्ये सिनेटची जागा त्याला मिळाली नाही, आणि १८६० मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष! याला काय वागणं म्हणायचं? आदर्श ठेवायचा तर त्यांच्या आधीच्या बुकॅनन यांचा ठेवा. प्रतिनिधिगृह झालं, सिनेट झालं, रशिया आणि ब्रिटनमध्ये अमेरिकेचे दूत म्हणून राहून झालं, परराष्ट्रमंत्रिपदही झालं. एवढी शिदोरी बांधून ते व्हाइट हाउसमध्ये गेले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सात राज्यं देशातून फुटून निघाली. इतिहासकार त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या क्रमवारीत तळाशी ढकलतात खरे, पण बायोडेटात खोट काढून दाखवा म्हणावं.

१९६० च्या निवडणुकीची गोष्टही लक्षात ठेवा. निक्सन यांचा सगळा प्रचार अनुभवाच्या मुद्द्यावर चालला होता. खरं तर ते आणि प्रतिस्पर्धी केनेडी १९४७ मध्ये एकाच वेळी प्रतिनिधिगृहात आले होते, पण निक्सन यांच्या गाठीशी उपराष्ट्राध्यक्षपदाची आठ वर्षं होती. या वर्षांत त्यांनी सुचवलेली एखादी मोठी कल्पना सांगा, असं पत्रकारांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना विचारलं. ते म्हणाले, एक आठवडा द्या, कदाचित एखादी आठवेल. अनुभव किती खोल असतो पाहा, हाती लागायलाच आठवडा जातो.

केनेडी जिंकले आणि पद हाती घेतल्यावर तीन महिन्यांत क्यूबात, तिथलं कॅस्ट्रो सरकार उलथवायच्या बे ऑफ पिग्जच्या मोहिमेत तोंडघशी पडले. हे आपल्या बाजूचं अस्सल उदाहरण, चारचौघांत जरूर सांगा. फक्त ती योजना आयसेनहॉवर यांच्या काळात सीआयएतल्या मुरलेल्या मंडळींनी आखायला घेतली होती, हे सांगत बसू नका. अनुभवी लोकांचं ऐकलं, ही त्या नवख्याची चूक.

मग थांबून करायचं काय? अनुभव घ्यायचा! बहुमतवाल्या पक्षात असाल तर नव्या सिनेटरला बहुधा रिकाम्या सभागृहाच्या अध्यक्षस्थानी बसवतात, तिथे बसा. कुणीतरी कॅमेऱ्यासाठी भाषण करत असतं, ते ऐका. देणगीदारांना फोन लावा. मतं द्या, ढिगाने द्या, विधेयकावर, दुरुस्तीवर, दुरुस्ती चर्चेला घ्यावी की नाही यावर. यातलं प्रत्येक मत पुढे तुमच्या विरोधात अर्ध्या मिनिटाची जाहिरात म्हणून कामी येतं. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिलेले सिनेटर जॉन केरी यांच्याकडे अशी १९ वर्षांची कमाई होती. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांसाठीच्या ८७ अब्ज डॉलरच्या निधीबद्दल प्रचारात ते म्हणाले, विरोधात मत देण्याआधी मी बाजूने मत दिलं होतं. सिनेटची कार्यपद्धती माहीत असलेल्याला हे वाक्य सरळ आहे. बाकीचा देश हसला.

शिवाय मोठ्या प्रश्नांवरची मतं चुकवून कसं चालेल? ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर बळ वापरण्याचा अधिकार बुश यांना द्यायचा ठराव सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर केला. केरी, बायडन, हिलरी क्लिंटन, सगळे बाजूने. सरकारात संरक्षणमंत्रिपद एकदा भोगून परत आलेले रम्सफेल्ड, आणि तेच पद सांभाळलेले चेनी उपराष्ट्राध्यक्ष. एवढा अनुभव एका छताखाली क्वचितच जमतो. त्याच महिन्यात शिकागोत इलिनॉय राज्याच्या सिनेटमधला एक साधा सदस्य या युद्धाला मूर्खपणा म्हणत होता. समज येईल कशी, वॉशिंग्टनमध्ये बसलेलाच नव्हता!

पुढे तोच गृहस्थ देशाच्या सिनेटमध्ये येऊन दोन वर्षं होतात न होतात तोच, फेब्रुवारी २००७ मध्ये, स्प्रिंगफील्डला उमेदवारी जाहीर करून मोकळा झाला. पहाटे तीनला व्हाइट हाउसमधला फोन वाजला तर उचलणार कोण, अशी जाहिरात उमेदवारीच्या शर्यतीतल्या हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने झाली. प्रश्न रास्तच होता. पहाटे तीनला उठायची सवय सिनेटमध्ये इतकी वर्षं काढल्याशिवाय लागत नाही. तरी ओबामा निवडून आले. असे अपवाद डोक्यात भरवून घेऊ नका.

तुम्ही थांबा. सगळ्या समित्या, सगळी मतं, सगळे फोन उरकून उभे राहाल तेव्हा अनुभवाबद्दल कुणी ब्र काढणार नाही. तेव्हा विचारतील तुमचं वय. १९८४ च्या वादचर्चेत ७३ वर्षांच्या रेगन यांना हेच विचारलं. प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अनुभव नसण्याचा मी राजकीय फायदा उठवणार नाही, असं ते म्हणाले. प्रतिस्पर्धी मोंडेल ५६ वर्षांचे, बारा वर्षं सिनेटमध्ये आणि चार वर्षं उपराष्ट्राध्यक्ष राहिलेले. तेही हसले, आणि ५० पैकी ४९ राज्यं रेगन यांनी जिंकली. तेव्हा असा एखादा विनोद आत्ताच लिहायला घ्या. रिकाम्या सभागृहात बसल्या बसल्या होईल.