दारातला टक्का, वर्गातला टक्का

"अमेरिकेनेसुद्धा आरक्षण बंद केलं, आपण कधी करणार?" महाराष्ट्रात आरक्षणाचा विषय तापला की हे वाक्य हमखास पुढे येतं. त्यामागे संदर्भ असतो २९ जून २०२३ च्या निकालाचा. हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना अर्जदाराचा वंश विचारात घ्यायला मनाई केली. निकाल खरा आहे, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा आहे. का चुकीचा, ते इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, लॉ स्कूलमध्ये नीट दिसतं.

राखीव जागा अमेरिकेत १९७८ मध्येच गेल्या. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल स्कूलने १०० पैकी १६ जागा बाजूला ठेवल्या होत्या, त्या न्यायालयाने रद्द केल्या. पुढे उरलं ते इतकंच, की अर्ज तपासताना वंश हा अनेक मुद्द्यांपैकी एक धरायचा. २००३ मध्ये मिशिगनच्या लॉ स्कूलच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी तेवढं टिकलं, पण त्याला दिलेलं कारण लंगडं होतं: वर्गात विविधता असली की सगळ्यांचंच शिक्षण सुधारतं. म्हणजे कृष्णवर्णीय मुलीला जागा मिळायची ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायाची भरपाई म्हणून नव्हे, तर शेजारच्या बाकावरच्याला तिच्याकडून काही शिकता यावं म्हणून. आपल्या संविधानाचं कलम १५(४) ही भाषा बोलत नाही. सामाजिक आणि शैक्षणिक मागासलेपण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती ही नावं ते थेट घेतं. अमेरिकी कसोट्या भारतात लागू करता येणार नाहीत, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अशोक कुमार ठाकूर खटल्यात सांगितलेलंच आहे. तेव्हा २०२३ चा निकाल आपल्या वादात आणून आपटण्यात अर्थ नाही. घेण्यासारखं दुसरंच काही आहे, आणि त्यासाठी वर्गात जायला हवं.

हार्वर्ड लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात २०२३ मध्ये ४३ कृष्णवर्णीय विद्यार्थी होते, २०२४ मध्ये १९. देशभरातला एकूण आकडा असा कोसळला नाही. पण पहिल्या वर्षाचे सुमारे ५६० विद्यार्थी तिथे ७ तुकड्यांत वाटतात, तुकडीत साधारण ८०, आणि पहिल्या वर्षाचे मुख्य विषय त्याच तुकडीबरोबर शिकायचे असतात. ४३ ला ७ ने भागलं तर तुकडीला ६ येतात. १९ ला भागलं तर ३ सुद्धा येत नाहीत. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये प्रपोझिशन २०९ हा प्रस्ताव सार्वमताने मंजूर करून वंशाचा विचार थांबवला, तेव्हा बर्कलीच्या लॉ स्कूलमध्ये १९९७ च्या २६८ जणांच्या बॅचमध्ये एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. त्यालाही प्रवेश आदल्या वर्षीच मिळालेला होता.

६ आणि ३ मध्ये फरक काय पडतो? प्रॉपर्टीच्या, म्हणजे मालमत्तेच्या कायद्याच्या, तासाला 'शेली विरुद्ध क्रेमर' हा १९४८ चा खटला येतो. सेंट लुईसच्या एका गल्लीतल्या घरमालकांनी करार केलेला असतो की इथे निग्रो किंवा मंगोल वंशाच्या माणसाने राहायचं नाही. प्रोफेसरांच्या हातात कोण कुठे बसतं याचा नकाशा असतो आणि ते पूर्वसूचना न देता कुणाचंही नाव पुकारतात. वर्गात सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी असतील तर त्यांतले दोघे एकमेकांशी वाद घालतात, एखाद्याला त्या दिवशी बोलायचंच नसतं, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. दोघेच असतील, त्यातली एक त्या दिवशी आजारी असेल, तर उरलेल्याकडे अख्ख्या वर्गाच्या माना वळतात. तो बोलला तर समाजाच्या वतीने बोलला, गप्प बसला तर दुखावला. करारातल्या कायद्याचा मुद्दा त्याने किती बारकाईने वाचलाय, हे मागेच पडतं.

परीक्षेची पद्धत मात्र इथली चांगली आहे. बहुतेक विषयांत सत्राअखेरीस एकच मोठा पेपर असतो, त्यावर नावाऐवजी क्रमांक, आणि गुण कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत, ठरलेल्या मध्याभोवती. कुणाचा पेपर आहे हे तपासणाऱ्याला कळत नाही. मग गळती कुठे होते? तयारीत. आदल्या वर्षीच्या मुलांनी अख्खा विषय चाळीस-पन्नास पानांत बांधलेल्या 'आउटलाइन' हातोहात फिरतात, आणि घरात आधी कुणी वकील नसलेल्या कृष्णवर्णीय मुलांना त्या बऱ्याचदा कृष्णवर्णीय सीनियरांच्या संघटनेतूनच मिळतात. संघटना आटली की ती साखळी तुटते. शिवाय सेमिनार, शिफारसपत्रं, प्रोफेसरांचं संशोधन-साहाय्य यांवर क्रमांक नसतो. तिथे तोंडओळखच चालते.

एक सापळा इथे शिकायला येणाऱ्या मराठी मुलांनीही ओळखून ठेवावा. काही लॉ स्कूल अटीवर शिष्यवृत्ती देतात: सरासरी अमुक राखली तरच पुढच्या वर्षी पैसे. कर्व्हचा मध्य त्याच आकड्याच्या आसपास असेल तर काही जणांची शिष्यवृत्ती जाणार हे गणितातच ठरलेलं असतं, मेहनत सगळ्यांनी केली तरीही. सही करण्याआधी मागच्या वर्षी किती जणांची गेली ते बघायचं.

आणि ते बघता येतं! मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेची मान्यता हवी असेल तर प्रत्येक लॉ स्कूलला दर १५ डिसेंबरपर्यंत ५०९ नावाचं पत्रक जाहीर करावं लागतं. कोणत्या वंशाचे किती आले, पहिल्या वर्षानंतर कोणत्या वंशाचे किती गळाले, त्यातले अभ्यासामुळे किती, किती जणांची अटीवरची शिष्यवृत्ती गेली. पत्रकात उणिवा आहेत. डॉक्टर आईबापांची भारतीय वंशाची मुलगी आणि आग्नेय आशियातून आलेल्या निर्वासित ह्‌मोंग कुटुंबातली मुलगी एकाच 'एशियन' रकान्यात. व्हिसावर आलेले सगळे एका वेगळ्याच रकान्यात, त्यात जात तर कुठेच नाही. सिएटलने २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी केली, तेव्हा इथल्या आपल्यातल्याच अनेकांनी कडाडून विरोध केला. त्याचं वाईट वाटतं.

आपल्याकडे भांडण दारापाशीच संपतं. सीईटी, कॅप राउंड, व्हॅलिडिटी, कटऑफ. आत गेल्यावर पहिल्या आठवड्यात "तुझा रँक किती?" असं विचारून जात काढली जाते, याची नोंद कुठेच होत नाही. सीईटीचा पेपर मराठीत देता येतो, राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा क्लॅट फक्त इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेला मुलगा राष्ट्रीय विधी विद्यापीठात पहिल्या सत्रात कुठे अडखळतो, तेही कुणी मोजत नाही. लेखी पेपरावर आपल्याकडेही आसन क्रमांक असतो, पण प्रोजेक्ट, व्हायवा, मूट कोर्टची (सरावाच्या खटल्याची) निवड हे सगळं नावानिशी चालतं. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये विद्यार्थ्यांनी स्वतः अशी एक पाहणी केली होती. ते काम विद्यार्थ्यांवर टाकायचं नसतं.

महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांनी दरवर्षी एक पान काढावं. प्रवर्गवार प्रवेश किती, पहिल्या वर्षाला एटीकेटी किती, मध्येच सोडून गेलेले किती, फ्रीशिपचा हप्ता उशिरा आल्यामुळे परीक्षेचा फॉर्म अडला अशी मुलं किती, अंतर्गत गुण आणि लेखी गुण यांत प्रवर्गवार तफावत किती. संख्या पाचाच्या आत असेल तिथे 'पाचपेक्षा कमी' एवढंच छापावं, म्हणजे कुणा एकाकडे बोट जाणार नाही. यातली बहुतेक माहिती परीक्षा विभागाच्या आणि शिष्यवृत्तीच्या नोंदींत आधीच आहे.