अँटिव्हायरस बंद करा म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

“भावोजी, अँटिव्हायरस बंद कसा करायचा?”

रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला आणि पहिलं वाक्य हे. पोहे बशीत निवत राहिले, मी तासभर फोनवर.

वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर मुलांची माहिती कशी भरायची हे दाखवणारा छोटा व्हिडिओ करायचं काम केंद्रप्रमुखांनी त्यांच्या गळ्यात मारलंय, कारण ‘मॅडमना कॉम्प्युटर येतो’. स्क्रीन रेकॉर्ड करायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, असं त्यांनी शिक्षकांच्या ग्रुपवर विचारलं आणि उत्तर म्हणून तो मेसेज येऊन पडला. माझ्याकडे तो आतापर्यंत तीन ग्रुपांतून आलाय. वर गुलाबाचं फूल, खाली हात जोडलेले, मध्ये ‘शिक्षक बंधू-भगिनींसाठी अत्यंत महत्त्वाचे’.

मेसेज म्हणतो ते असं. एक, ओबीएससारखी फुकट सॉफ्टवेअरं वापरू नका, ती डेटा चोरतात. दोन, विंडोजमधल्या किंवा मोबाईलमधल्या रेकॉर्डरवर केलेले व्हिडिओ यूट्यूब नाकारतं, त्यावर पैसे मिळत नाहीत. तीन, ४के आणि ६० फ्रेम असल्याशिवाय अक्षरं स्पष्ट दिसत नाहीत. चार, दहा हजारांचा माईक नसेल तर व्हिडिओ करूच नका. पाच, खालच्या लिंकवर पंचवीस हजारांचं सॉफ्टवेअर ‘फुल व्हर्जन’ मोफत आहे. झिपचा पासवर्ड १२३४. टाकताना अँटिव्हायरस बंद ठेवा, तो खोटी वॉर्निंग देतो.

पहिला आणि पाचवा मुद्दा एकाच माणसानं एकाच मेसेजमध्ये लिहिलाय, हे पुन्हा एकदा बघा. फुकटचं चोर असतं म्हणून सांगायचं, आणि खाली चोरीचं फुकट द्यायचं.

म्हणून क्रमानं जात नाही. आधी पाचवा.

झिपला पासवर्ड कशाला लागतो? सॉफ्टवेअर खरंच मोफत वाटायचं असेल तर कुलूप कशाला, आणि कुलूप लावून किल्ली त्याच मेसेजमध्ये कशाला? ते कुलूप तुमच्यासाठी नाहीच. पासवर्ड असलेल्या झिपच्या आत मेलचा किंवा ड्राइव्हचा स्कॅनर डोकावू शकत नाही, एवढाच त्याचा उपयोग. पुढे तुमच्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली की अँटिव्हायरसला आतलं दिसणार, म्हणून त्यालाही आधीच बाजूला करायला सांगितलंय. वॉचमनला चहाला पाठवा, मग आम्ही सामान आत आणतो, असं कोणी सोसायटीच्या गेटवर म्हणालं तर आपण काय करू?

एक अर्धसत्य नाइलाजानं मान्य करतो. क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचं कुलूप फोडलेल्या सॉफ्टवेअरवर अँटिव्हायरस कधी कधी उगाचही ओरडतो. पण ती ओरड खरी की खोटी हे ओळखायला तुमच्या-माझ्याकडे मार्ग नाही, आणि मेसेजवाल्याचं सगळं भांडवल तेच आहे.

वहिनींच्याच ग्रुपमधल्या एका गुरुजींनी गुरुवारी रात्री हे सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. सॉफ्टवेअर चाललं! छान चाललं. त्यांनी ग्रुपवर अंगठाही टाकला, ‘मस्त आहे, मी वापरतोय’. शनिवारी त्यांच्या मेलचा पासवर्ड बदललेला, आणि त्यांच्या इन्स्टाग्रामवरून साडूला पैशाची मागणी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं गुरुजींना अजूनही वाटत नाही. मी शंभर टक्के सिद्ध करू शकत नाही, पण तो अंगठा मात्र ग्रुपवर तसाच आहे आणि तो बघून आणखी किती जणांनी लिंक दाबली कोण जाणे.

“पण ओटीपी येतो ना, तो कोणाला दिलाच नाही तर?” वहिनींनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. जत्रेत एकदा तिकीट काढलं की हातावर शिक्का मारतात, मग आत-बाहेर करताना कोणी तिकीट विचारत नाही. तुम्ही एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन आत गेलात की ब्राउझर असाच एक शिक्का जपून ठेवतो, त्याला कुकी म्हणतात. हे चोर सॉफ्टवेअर पासवर्डांबरोबर तो शिक्काच उचलून नेतं. मग समोरच्याला ओटीपी लागत नाही, तो ‘तुम्ही’ म्हणूनच आत शिरतो. गूगलच्या सुरक्षा पथकानं ऑक्टोबर २०२१ मध्ये याच पद्धतीवर सविस्तर लिहिलं होतं. त्यात यूट्यूबवाल्यांना खोट्या जाहिरात-कराराच्या मेलमधून असंच सॉफ्टवेअर टाकायला लावायचे, आणि चॅनल ताब्यात आलं की त्याचं नाव बदलून त्यावर क्रिप्टोच्या फसव्या योजनांचं लाइव्ह चालवायचे. म्हणजे हे सामान व्हिडिओ करणाऱ्यांसाठीच बाजारात आहे.

ज्यांनी लिंक दाबून ते आधीच टाकलंय त्यांच्यासाठी: लॅपटॉपचं वायफाय आत्ता बंद करा. पासवर्ड बदलायचे ते त्या लॅपटॉपवरून नाही, घरातल्या दुसऱ्या फोनवरून. आधी मेलचा, मग बँकेचा, मग बाकीचे. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, म्हणजे जुना शिक्का पुसला जातो. मग फाइली काढून घेऊन विंडोज नव्यानं टाका. नुसतं ते सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करून भागत नाही.

आणि कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ६३ब जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याबद्दलच आहे: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. कमाईसाठी वापर नसेल तर न्यायालय कैद वगळू शकतं. शिक्षकावर अशी केस झालेली मी ऐकलेली नाही, भीती घालायला लिहीत नाही. पण सरकारी कामाचा व्हिडिओ त्याच्यावर करायचा म्हणजे अंमळ जास्तच झालं.

आता पहिला, ओबीएस डेटा चोरतं. ओबीएस २०१२ पासून आहे, त्याचा सगळा कोड उघडा आहे, जगभरातले लोक तो वाचतात आणि दुरुस्त करतात. वॉटरमार्क नाही, वेळेची मर्यादा नाही, खातं उघडावं लागत नाही. यातही अर्धसत्य आहेच: ओबीएसच्या नावानं नकली साइट काढून, सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात देऊन लोकांना चोर सॉफ्टवेअर दिल्याचे प्रकार झालेत, जानेवारी २०२३ मध्ये त्याची बरीच बोंबही झाली होती. म्हणून जाहिरातीवर न जाता ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम हा पत्ता स्वतः टाईप करायचा. दोष नकली साइटचा, आणि त्यावर उपाय म्हणून मेसेजवाला आणखी एक नकली लिंक देतो.

ओबीएस सोपं आहे असंही मी म्हणणार नाही. पहिल्यांदा उघडल्यावर काळा चौकोन आणि ‘सोर्स’, ‘सीन’ असले शब्द बघून माणूस बिचकतो. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर कधी कधी स्क्रीन काळीच रेकॉर्ड होते आणि त्यासाठी विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये शिरावं लागतं. त्यात एडिटिंग नाही. पैसे मोजून घेतलेल्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये झूम, बाण, चुकलेला भाग कापणं एकाच जागी मिळतं. क्लास चालवणाऱ्यानं, महिन्याला वीस व्हिडिओ करणाऱ्यानं ते रीतसर विकत घ्यावं. वर्षातून एक व्हिडिओ करणाऱ्या वहिनींना त्याची गरज नाही. ओबीएस घेतलंच तर एक लक्षात ठेवा: रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइलच्या प्रकारात ठेवायचं आणि नंतर फाइल मेनूतून रीमक्स करून एमपी४ करायचं. साध्या एमपी४मध्ये ऐन वेळी लाइट गेली तर अख्खी फाइल उघडत नाही, एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचं शाबूत राहतं. महावितरणच्या ग्राहकाला याहून महत्त्वाचं सेटिंग नाही.

दुसरा मुद्दा दोन ओळींत. यूट्यूबवर जाहिरातींच्या कमाईची अट १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास पाहिलं जाणं, किंवा शॉर्ट्सचा वेगळा हिशेब, अशी आहे. रेकॉर्ड कशावर केलं हे तिथं कोणी विचारत नाही. आणि वहिनींना यूट्यूबवरून कमवायचंच नाहीये, केंद्रातल्या बाकी शिक्षकांनी रात्री अकराला फोन करू नये एवढंच हवंय.

तिसरा मुद्दा मात्र मजेशीर आहे. वहिनींच्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा. म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके. ४केमध्ये असतात सुमारे त्र्याऐंशी लाख. पडद्यावर जे ठिपके नाहीतच ते सॉफ्टवेअर आणणार कुठून? अर्धा लिटर दूध चार लिटरच्या पातेल्यात ओतलं म्हणून चार लिटर होत नाही, नुसतं पातेलं धुवायचं काम वाढतं. आणि इथं ते काम खरंच वाढतं. यूट्यूबच्या शिफारशीप्रमाणे ४के ६० फ्रेमला सेकंदाला ५३ ते ६८ मेगाबिट, म्हणजे दहा मिनिटांची फाइल चार-पाच जीबी. १०८०पी ३० फ्रेमला ८ मेगाबिट, म्हणजे सहाशे एमबी. ती चार जीबी शाळेच्या नेटवरून अपलोड करा आणि मला कळवा, मी तोवर निवृत्त झालेलो असेन. शिवाय फॉर्म भरताना पडद्यावर हलतो तो फक्त कर्सर. त्याला सेकंदाला ६० चित्रं कशाला?

अक्षरं न दिसण्याचं कारण वेगळंच आहे. बघणारा बघतो मोबाईलवर, उभा धरून, एसटीत. लॅपटॉपभर पसरलेला फॉर्म तिथं वितभर जागेत येतो. रेकॉर्ड करण्याआधी ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं बटण दोन-तीनदा दाबा, पान दीडपट मोठं करा, वरची बुकमार्कची पट्टी लपवा. ४केपेक्षा याचा फरक जास्त, आणि खर्च शून्य.

माईकबद्दल फार लिहीत नाही. फोनबरोबर आलेला वायरचा इअरफोन चालतो. लॅपटॉपच्या माईकमध्ये पंख्याची घरघर येते, ही खरी अडचण आहे. दार-खिडकी लावून, समोर गाद्या-गोधड्यांची चळत असेल अशा खोलीत बसा, घुमणं जातं. कुकर लावून मात्र बसू नका.

आता माझा एकच साक्षीदार. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेला स्पोकन ट्यूटोरियल हा प्रकल्प. लिब्रेऑफिसपासून पायथनपर्यंत मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे, साधारण दहा-दहा मिनिटांचे स्क्रीन रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, मराठीसह भारतीय भाषांत डब केलेले. हे व्हिडिओ करायला त्यांनी सुरुवातीपासून वापरली ती रेकॉर्डमायडेस्कटॉपसारखी फुकट, मुक्त साधनं. त्यातले जुने व्हिडिओ आज काढून बघा, ४के सोडाच, दिसायला अगदी साधे आहेत. आणि तरी माणूस एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडून ते बघत बघत शिकतो. कारण त्यांची मेहनत रेकॉर्डिंगच्या आधीची आहे. आधी स्क्रिप्ट लिहायची, दोन रकान्यांत: डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे काय बोलायचं. मग ज्याला ते सॉफ्टवेअर अजिबात येत नाही अशा माणसाला ती स्क्रिप्ट देऊन त्याला जमतं का बघायचं. त्यानंतर रेकॉर्डिंग. मेसेजच्या पाचही मुद्द्यांत स्क्रिप्टचा उल्लेख आहे का? नाही. मेसेजवाल्यानं बहुधा एकही ट्यूटोरियल केलेलं नसावं.

वहिनींनी वहीच्या पानावर दोन रकाने आखले. दादाला समोर बसवून वाचून दाखवलं. त्याला चौथ्या ओळीलाच कळेना, मग तिथं दोन ओळी वाढल्या. रेकॉर्डिंगला आधी विंडोजचा गेम बार घेतला, विंडोज, ऑल्ट आणि आर. तो एकाच खिडकीचं रेकॉर्ड करतो, त्यामुळे ‘जात संवर्ग निवडा’ वर क्लिक केल्यावर उघडणारी यादी व्हिडिओत उमटलीच नाही, नुसता कर्सर हवेत फिरतोय. मग विंडोज ११ मधलं स्निपिंग टूल, कॅमेऱ्याचं चिन्ह, हवा तो चौकोन आखायचा, माईक सुरू. यादी दिसली, आवाज आला, सगळं झालं.

व्हिडिओ ग्रुपवर टाकायच्या आधी मला पाठवला म्हणून बरं. तिसऱ्या मिनिटाला वर्गातल्या अठ्ठावीस पोरांची नावं, जन्मतारखा आणि पालकांचे मोबाईल नंबर, सगळं ठसठशीत. पान दीडपट मोठं करायला मीच सांगितलं होतं!

शेवटी आम्ही पोर्टलच्या पानांचे स्क्रीनशॉट काढले आणि पॉवरपॉइंटमध्ये लावले. नावांवर नुसता काळा चौकोन ठेवला असता तर फाइल हाती पडलेल्या कोणीही तो उचलून खाली बघितलं असतं, म्हणून आधी पेंटमध्येच ती नावं पुसून घेतली. मग वहिनींनी स्लाइड शो रेकॉर्ड लावून वहीतला उजवा रकाना वाचला आणि फाइल व्हिडिओ म्हणून सेव्ह केली. सहा मिनिटं चाळीस सेकंद. स्क्रीन रेकॉर्डर लागलाच नाही. चौथ्या मिनिटाला एक शिट्टी आहे, ती शेजारच्यांच्या कुकरची.