वीज पडलेल्या माणसाला हात लावायचा नाय म्हणे

वळीव सुरू झाला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो मेसेज फिरतोच, यंदा तात्यांनी टाकला. तात्या राग मानू नका, पण गप बसवत नाय. मेसेज असा, की वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहतो म्हणून हात लावू नका, शेणात गळ्यापर्यंत पुरा म्हणजे वीज उतरते, रबरी चप्पल असली की भ्या नाय, खिशातला मोबाईल वीज ओढतो, आणि एकदा पडली तिथं परत पडत नाय.

पहिलंच वाक्य माणूस मारणारं हाय. अंग म्हणजे काय ट्रॅक्टरची बॅटरी नव्हं, वीज डोळं मिटायच्या आत जमिनीत जाते, मागं काय राहत नाय, बिनधास्त हात लावा. माणूस जातो तो बहुतेक हृदय बंद पडल्यानं. कधीकधी हृदय आपोआप चालू होतं पण श्वास लगेच येत नाय, आणि तेवढ्यात हवा मिळाली नाय तर ते परत बंद पडतं. म्हणजे जी मिनिटं हातात असतात ती आपण शेण गोळा करण्यात घालवायची आणि वर छातीवर ओझं टाकायचं! १०८ ला फोन लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध जोरात दाबा, ५-६ सेंटीमीटर आत जाईल असं, मिनिटाला १०० ते १२०, जमत असेल तर दर ३० दाबांनंतर तोंडानं २ श्वास द्या. चौघांना बसली असेल तर जो बोंबलतोय त्याचा श्वास चालूय, जो गप पडलाय त्याच्याकडं आधी पळा.

चप्पलचं सोडा. जी वीज काही किलोमीटर हवेतनं येते तिला अर्धा इंच रबर काय अडवणार. चारचाकीत बरं असतं ते टायरमुळं नाय, पत्र्याच्या बॉडीमुळं, काचा वर करून बसायचं.

मोबाईलनं वीज येत नाय, चार्जिंगला लावून बोलू नका एवढंच. खरं भ्या लोखंडाचं. मागच्या एप्रिलात बेदाणा शेडची ताडपत्री ओढायला आम्ही चौघं पळालो, आण्णा पाईप धरून उभं, समोर द्राक्षबागेचे अँगल आणि तारा. लखलखलं, मी मोजलं, नऊ सेकंदानं गडगडलं. तीन सेकंदाला एक किलोमीटर, म्हणजे तीनच किलोमीटर लांब! ३० सेकंदाच्या आत आवाज आला तरी पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाय. बेदाणा भिजला, आण्णा दोन दिवस बोलले नायत. चिंचेखाली थांबायचं तर नावच नको, खोडातनं शेजारच्या माणसावर उडी मारते आणि जमिनीतनंही पसरते, म्हणून तर झाडाखालची जनावरं एकदम चार-पाच जातात, पुढच्या-मागच्या पायात अंतर जास्त ना. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, जवळपास वीज पडायला लागली की कळवतं, टाकून घ्या.

राहिलं ते एकाच जागी दोनदा पडत नाय. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर वर्षाला वीसेक वेळा पडते, पण तेवढं लांब कशाला, तुमच्या मळ्यातला नारळ आठवा की तात्या, आधी शेंडा गेला आणि दोन वर्षांनी तोच बुंधा उभा फुटला.