पॅडवर सगळेच शहाणे असतात

आज सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत फिरून बाहेर आलो, लारीवर चहा सांगितला, आणि भाच्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "मामा, हे बघ. आता बोल काय बोलायचंय ते." व्हिडिओ बॉक्सर डिऑन्टे वाइल्डरचा. समोर एकजण पॅड (सरावात ठोसे झेलायच्या हातातल्या गाद्या) धरून उभा, आणि हा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा), जॅब, उजवा, मान खाली, बाजूला सरक, डावा हुक (बाजूने वळवून मारलेला). मागे ढॅणढॅण संगीत. खाली ढीगभर कॉमेंट, सगळ्यांचा सूर एकच: गडी सुधारला. आता नुसत्या उजव्या हातावर नाही, आता खरा बॉक्सर झाला.

मी एवढंच म्हटलं, "पॅडवर." भाचा म्हणाला, "मामा, तुला कोणाचं चांगलं बघवतच नाही," आणि स्कूटर काढून गेला. दिवसभर ऑफिसात डोक्यात तेच. म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

ज्यांना वाइल्डर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत अलाबामातल्या टस्कलूसाचा, साडेसहा फुटांहून उंच, हेवीवेट. २००८ ला बीजिंगहून आपला विजेंदर ब्राँझ घेऊन आला ना, त्याच ऑलिम्पिकात याच्याही गळ्यात ब्राँझ होतं, म्हणून नाव पडलं ब्राँझ बॉम्बर. व्यावसायिक झाल्यावर पहिल्या ३२ लढती, ३२ च्या ३२, नॉकआउटने जिंकल्या, चौथ्या फेरीच्या पुढे गेल्याच नाहीत. माइक टायसनच्या काळापासून बॉक्सिंग बघतोय, पण एका ठोशात एवढा दारूगोळा मी दुसऱ्या कोणाच्या हातात पाहिलेला नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे 'काका जळतात' हा आरोप नको.

पण प्रश्न ताकदीचा नाहीच. प्रश्न आहे तो शिकला का.

कॉलेजात असताना आम्ही काहीजण संध्याकाळी बॉक्सिंगला जायचो. आमच्यात एक पोरगा होता, त्याला सगळे 'घण' म्हणायचे. स्पारिंगला (सरावाच्या लढतीला) त्याच्यासमोर उभं राहायची पाळी आली की पोटात गोळा यायचा. उजवा सुटला की संपलं. सरांना मात्र त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. एक दिवस त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, घणाचा उजवा हात कमरेला करकचून बांधला आणि समोर आमच्यातला सगळ्यात किडकिडीत पोरगा उभा केला. दोन फेऱ्या. त्या किडकिड्याने घणाच्या नाकावर जॅबमागून जॅब बसवले आणि घणाला पाय कुठे टाकावा ते कळेना. डावा हात आहे तरी कशाला, हेच त्याला ठाऊक नव्हतं. कारण तोवर कधी गरजच पडली नव्हती!

वाइल्डरचा उजवा कोणी बांधलाच नाही. एकदा नशिबाने बांधला. जानेवारी २०१५, बर्मेन स्टिव्हर्नविरुद्ध विश्वविजेतेपदाची लढत. उजवा हात त्या लढतीत दुखावला होता, आणि त्या रात्री साहेब चक्क जॅबवर, अंतर राखून, बारा फेऱ्या खेळले आणि गुणांवर जिंकले. आता मला सांगा, २०१५ ला हे येत होतं, तर मग 'आता सुधारला' म्हणजे काय? येत होतं ते सोडून दिलं, असं म्हणा. उजवा बरा झाला आणि पुन्हा जुना खेळ सुरू.

आणि जग टाळ्या वाजवत राहिलं, हा माझा खरा राग आहे. नोव्हेंबर २०१९, लुइस ऑर्टिझशी दुसरी लढत. सहा फेऱ्या ऑर्टिझने त्याला शिकवणी दिली, तिन्ही पंचांच्या कागदावर वाइल्डर मागे. सातव्या फेरीत एक उजवा, ऑर्टिझ खाली, खेळ खलास. दुसऱ्या दिवशी कोणी बोललं का त्या सहा फेऱ्यांबद्दल? तो स्वतःच म्हणायचा की समोरच्याला बाराही फेऱ्या अचूक राहावं लागतं, मला फक्त दोन सेकंद. लोकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. माझ्या मते त्या वाक्यानेच त्याचं नुकसान केलं.

घणाचंही हेच झालं. सरांनी पंधरवडाभर उजवा बांधून ठेवला, जमिनीवर खडूच्या रेघा मारून पाय टाकायला शिकवलं, आणि जॅब यायला लागला, खरंच यायला लागला. आम्ही चकित. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आली. पहिल्या मिनिटाला समोरच्याने याच्या कानशिलावर एक ठेवून दिली आणि खडूच्या रेघा, जॅब, गार्ड, सगळं एका क्षणात वाफ. डोळे मिटून उजवा फिरवला. लागला. समोरचा आडवा. आम्ही बाकांवर चढून नाचत होतो, सर खाली बघून ग्लोव्ह्जच्या नाड्या सोडवत होते. त्यानंतर घणाने उजवा बांधून घेतला नाही. कशाला घेईल?

म्हणून माझी कसोटी एकच. फटका खाल्ल्यावर जे शिल्लक राहतं तेवढंच शिकलेलं. पॅडवाला फार तर टपली मारतो.

आता तुम्ही टायसन फ्युरी काढणार, तो ब्रिटिश हेवीवेट, ज्याच्याशी वाइल्डर तीनदा लढला. काढा. डिसेंबर २०१८ ची पहिली लढत बरोबरीत सुटली, फ्युरी नवव्या आणि बाराव्या फेरीत खाली पडला, बाराव्यात तर कसा उठला देव जाणे. बाकीचा वेळ वाइल्डर हवेत हात फिरवत होता. फेब्रुवारी २०२० च्या दुसऱ्या लढतीत फ्युरी सरळ अंगावर चालून आला आणि मागे कसं सरकायचं हेच याला माहीत नाही हे जगाला दिसलं. सातव्या फेरीत वाइल्डरचाच प्रशिक्षक मार्क ब्रीलंडने कोपऱ्यातून टॉवेल टाकला, म्हणजे लढत थांबवली. ब्रीलंड म्हणजे १९८४ च्या ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता, कोपऱ्यात बॉक्सिंग कळणारा माणूस! त्याने जीव वाचवला, तर त्यालाच हाकललं. वर कारण काय, तर रिंगपर्यंत चालत येताना घातलेला पोशाख जड होता. चाळीस पौंडांचा. अरे मग घातलास कशाला? ज्याला हरण्याचं कारण शिंप्याकडे सापडतं तो पाय कसे टाकायचे ते कधी शिकणार?

तिसरी लढत, ऑक्टोबर २०२१, तेवढी मान्य करतो. पहिल्या फेरीत तो पोटावर जॅब टाकत होता आणि छान टाकत होता, नवा प्रशिक्षक मॅलिक स्कॉटची मेहनत दिसत होती. चौथ्या फेरीत फ्युरीला दोनदा पाडलं. पण तिसऱ्या फेरीत स्वतः खाली जाऊन आल्यावर तो पोटावरचा जॅब कुठे गेला ते दाखवा मला. पहिल्या लढतीपेक्षा साडेअकरा किलो वजन वाढवून आला होता, लवकरच तोंडाने श्वास सुरू झाला. अकराव्या फेरीपर्यंत उभा राहिला. ती हिंमत होती, आणि हिंमतीबद्दल त्याच्याशी माझं भांडण नाही.

भाच्याचा मुद्दा होता की ताकदवान माणसं शिकतात. शिकतात ना! युक्रेनचा हेवीवेट व्लादिमिर क्लिच्को २००४ ला लॅमन ब्रूस्टरकडून हरला, सगळ्यांनी त्याला मोडीत काढलं. मग प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डने त्याला जॅब, अंतर आणि अंगाला चिकटून समोरच्याला थकवणं एवढंच घोटवलं, आणि २००६ पासून २०१५ पर्यंत तो विजेतेपदावरून हलला नाही. बघायला कंटाळवाणा, अगदी जांभया यायच्या. पण फटका खाल्ल्यावरही तो तोच क्लिच्को राहायचा. जॉर्ज फोरमननेही पंचेचाळिसाव्या वर्षी, १९९४ ला, तेव्हाचा विजेता मायकेल मूररला पाडलं. तोसुद्धा तेव्हा गुणांवर मागेच होता, हे कोणी लिहायच्या आत मीच लिहितो.

आपल्या बडोद्याला तर ताकदीचं वेड पिढ्यांपासूनचं. १९०२ साली गामा पैलवानाने उचललेला दगड आपण संग्रहालयात जपून ठेवलाय, लहानपणी आम्ही तो बघून दंड काढायचो. पण दगड मान हलवत नाही. १९१० ला लंडनमध्ये पोलंडचा पैलवान झ्बिश्को मॅटवर पालथा पडून राहिला, तर दोन तासांवर वेळ जाऊनही गामाला तो चीत करता आला नाही. १९२८ ला पतियाळात तोच झ्बिश्को मिनिटभरही टिकला नाही. नुसती ताकद पुरत नाही, हे अखाड्यात वाढलेल्यांना मी काय वेगळं सांगायचं?

आता जे लिहितोय ते लिहिताना राग थोडा उतरलाय. डिसेंबर २०२३ ला रियाधमध्ये जोसेफ पार्करने त्याला गुणांवर साफ हरवलं, एका पंचाने तर बाराच्या बारा फेऱ्या पार्करला दिल्या. त्या रात्री वाइल्डर हात सोडतच नव्हता. बघत होता, मोजत होता, थांबत होता. मला तिथे शिकलेला माणूस दिसला, आणि तेच वाईट वाटलं. अर्धवट शिकवणीने बेफिकिरी गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. पाचच महिन्यांनी, १ जून २०२४ ला, झांग झिलेईने पाचव्या फेरीत झोपवला. झांग तेव्हा ४१ चा.

आणि हा मनुष्य विसाव्या वर्षी ग्लोव्ह्ज घालायला लागला, ते मुलीसाठी. मुलगी पाठीच्या कण्याचं दुखणं घेऊन जन्मली, उपचारांचा खर्च होता, हा हॉटेलात वाढायचं काम करायचा, बिअरचा ट्रक चालवायचा. तीन वर्षांत ऑलिम्पिक पदक. ज्याला रोज घरी पैसे न्यायचेत त्याने चालणारा हात बांधून का बसावं? घण मध्यंतरी रावपुऱ्यात भेटला, पोट सुटलंय, त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "यार, उजवा बांधला होता ना, तेव्हाच मला समोरचा माणूस नीट दिसायचा. उजवा मोकळा असला की फक्त हनुवटी दिसायची." एवढं शहाणपण त्याने तेव्हा सरांना सांगितलं असतं तर सरांनी त्याला पेढा भरवला असता.

तर भाचेबुवा आणि मंडळी, जून २०२५ ला विचिटामध्ये टायरेल हर्नडनला संपवायला वाइल्डरला सातवी फेरी लागली. तुम्ही त्याला संयम म्हणताय. दहा वर्षांपूर्वीच्या वाइल्डरसमोर हर्नडन किती वेळ उभा राहिला असता, ते प्रत्येकाने प्रामाणिकपणे कॉमेंटमध्ये लिहा. माझं उत्तर, दुसरी फेरी.