गॅसवरचा गंज

लग्नाला जेमतेम पाच महिने झाले होते. सासूबाई अमरावतीहून पहिल्यांदाच आमच्याकडे पुण्याला राहायला आल्या होत्या. सकाळी मी चहाच्या आशेनं ओट्याशी घुटमळत होतो, तेवढ्यात अंघोळीला जाता जाता त्या म्हणाल्या, "जावईबापू, पाच मिनिटांनी तो गॅसवरचा गंज काढून ठेवा न जरा."

मला जरा लागलंच. शेगडीला गंज होता हे खरं, पण आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी तो काढायचा? आणि तोही जावयानं? तरी घरची अब्रू राखायची म्हणून मी माळ्यावरून पॉलिश पेपर काढला आणि मागच्या बर्नरपासून घासायला लागलो. पाच मिनिटांनीच का, हे काही कळेना. वऱ्हाडात साफसफाईलाही मुहूर्त लागत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पुढच्या बर्नरवर दूध तापत होतं. त्याच्याशी माझा काही संबंध नव्हता, त्यामुळे ते फुगलं, काठाशी आलं, कडेनं उतरलं आणि माझ्या घासलेल्या बर्नरपर्यंत पोचलं, तेव्हाच मला दिसलं.

सासूबाई ओल्या केसांनी धावत आल्या. "अहो, गंज काढा म्हटलं होतं न तुम्हाला!"

"काढतोच आहे की," मी पॉलिश पेपर दाखवत म्हणालो.

त्या दिवशी मला कळलं की विदर्भात गंज म्हणजे पातेलं. संध्याकाळी मी बायकोला विचारलं, "मग तुमच्याकडे गंजाला गंज लागला तर काय म्हणता?" ती म्हणाली, "जंग लागला म्हणतो. आणि गंज स्टीलचा असतो, त्याला लागत नाही." यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

पण शब्द एकटा येत नाही, गोतावळा घेऊन येतो. दोनच दिवसांनी सासूबाईंनी गॅलरीतून हाक दिली, "जावईबापू, तुमची गंजी वाळली." आमच्या गावी गंजी म्हणजे भाताच्या पेंढ्यांची उडवी, चांगली माणसाच्या दीडपट उंच. ती दुसऱ्या मजल्यावर कशी आली आणि इतक्यात वाळली कशी, हे बघायला मी गेलो, तर दोरीवर माझा बनियन. हा शब्द तर थेट इंग्लिश खाडीतून आलेला. तिथल्या गर्न्सी बेटावरचे खलाशी लोकरीचा विणलेला सदरा घालत. त्या 'गर्न्सी फ्रॉक'चा आपल्याकडे गंजीफ्रॉक झाला. माझी आई गुहागरकडची, ती अजून अख्खा गंजीफ्रॉक म्हणते. सासूबाईंनी त्यातला फ्रॉक काढून टाकलाय. तरी दोघींचं निदान निम्म्या शब्दावर एकमत होणारी आमच्या घरातली ती एकमेव वस्तू, आणि ती माझ्या अंगात असते.

आईनंही काही कमी घोळ घातला नाही. आमच्यात पाणी प्यायच्या फुलपात्राला भांडं म्हणतात. नवी सून घरात आल्यावर आठवड्याभरात लांबचे एक काका भर उन्हाचे आले. आई म्हणाली, "अगं, काकांना भांडंभर पाणी दे हो." बायकोच्या माहेरी भांडं म्हणजे स्वयंपाकघरात जे जे पडल्यावर वाजतं ते सगळं. तिला वाटलं, कोकणातली रीत असेल. ती पाच लिटरचं पातेलं काठोकाठ भरून, दोन्ही हातांनी सांभाळत, बाहेर घेऊन आली आणि काकांसमोर टीपॉयवर ठेवलं. काकांनी पातेल्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो, यंदा उन्हाळा जरा जास्तच आहे." प्यायले बिचारे त्यातून ओंजळीनं.

नंतर बायको म्हणाली, "सरळ ग्लास म्हणा न, आई." आई म्हणाली, "ग्लास म्हणजे काच. हे स्टीलचं आहे." बिनतोड. फक्त हे बिनतोड वाक्य चालू असताना आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आतून विचारत होत्या, "वैनी, ही स्टीलची पितळी कुठं ठिवू?"

मावशी जतकडच्या. तिथून कर्नाटक हाकेच्या अंतरावर. त्यांच्या बोलण्यात कळशीची बिंदगी होते, आणि ती सरळ कानडीतून आलेली आहे. टोपलीची बुट्टी होते. खोलगट ताटलीला त्या पितळी म्हणतात, कारण ती एके काळी पितळेची असायची. पितळ गेलं, स्टील आलं, मावशींनी नाव मात्र मोडीत काढलं नाही. मला हे मनापासून पटतं. धातू बदलला म्हणून नातं कशाला बदलायचं?

खरा प्रश्न केरसुणीचा आहे. म्हणजे मी केरसुणी म्हणतो. आईच्या लेखी घरात केरसुणी, अंगणात खराटा, आणि त्यातही माडाच्या हिरांचा असेल तरच तो खराटा. फ्लॅटला अंगण नाही, हे तिला मान्य नाही. जिन्याखाली एक खराटा कायम उभा असतो, अंगण येण्याची वाट बघत. मावशी साळुता म्हणतात. बायको झाडू म्हणते, कारण तिला वाद नको असतो. आणि सासूबाई म्हणतात फडा. हे मला माहीत नव्हतं तेव्हा एकदा त्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "दारामागं फडा आहे, तेवढा काढा न. पाल आली." माझ्या माहितीत फडा नागाचा. दारामागे नाग आहे आणि या बाई पालीला घाबरून बसल्यात, या विचारानं मी अक्षरशः उंबऱ्यावर थिजलो. शेवटी पाल आपल्या पायांनी गेली. ती तेवढी समंजस निघाली.

लक्ष्मीपूजनाला मात्र नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहताना कोणीच नाव घेत नाही. सगळ्याजणी नुसता नमस्कार करतात. घरात वर्षातली ती एक शांत संध्याकाळ.

उलथन्याला सासूबाई सराटा म्हणतात. सायकल पंक्चर करणारा काटा हाच सराटा मला ठाऊक होता. त्यानं धिरडं उलटायचं ही कल्पनाच करवेना. पण गंजाच्या अनुभवानंतर मी शहाणा झालो होतो. काही न बोलता ड्रॉवर अख्खाच बाहेर काढून त्यांच्यासमोर धरला.

एवढं सगळं होत असताना बाजारात तरी सुख असावं ना? तिथं बोलीचा प्रश्न येऊ नये, कारण तिथं वस्तूंवर नाव छापलेलं असतं. पण आमच्या आईची यादी वेगळ्याच भाषेत असते. एकदा यादीत 'कोलगेट १' लिहिलं होतं. मी दुकानात जाऊन कोलगेट आणलं. आई बघून म्हणाली, "हे कसलं आणलंस? आपलं कोलगेट आण ना, ते आयुर्वेदिक, लाल डब्यातलं." त्या लाल डब्यावर भलत्याच कंपनीचं नाव आहे, हे तिला दाखवलं तर म्हणाली, "ते त्यांचं नाव असेल. मी कोलगेटबद्दल बोलत्येय." तेव्हापासून मी दुकानदाराला यादीच देतो. त्याला बरोबर कळतं. सर्फ मागितलं की तो विचारतो, "कुठलं सर्फ, निळं की हिरवं?" बिसलेरी मागितली तर हाताला लागेल ती पाण्याची बाटली देतो. फेलिचे बिसलेरी हे मूळ गृहस्थ इटलीचे. १९६५ साली त्यांच्या नावाचं पाणी मुंबईत आलं आणि आता ते नाव प्रत्येक एस.टी. स्टँडवर, कोणाच्याही बाटलीवर बसलेलं असतं.

डालड्याची गोष्ट तर मला फारच आवडते. वनस्पती तूप हिंदुस्थानात आधी डाडा नावाची एक डच कंपनी पाठवायची. पुढे लीव्हर कंपनीनं तो धंदा हातात घेतला, तेव्हा आपली खूण म्हणून लीव्हरचा 'ल' त्या डाडाच्या मधोमध बसवला. झाला डालडा. साल १९३७. आमच्या घरात गेल्या पंचवीस वर्षांत वनस्पती तुपाचा थेंब आलेला नाही, डॉक्टरांनी बंदच केलंय, पण डालडा आहे. पिवळ्या डब्याच्या रूपात. एकात तुळस आहे, एकात तांदूळ मोजायचं माप आहे, आणि तिसऱ्यात तिसरा डबा कधी लागला तर असावा म्हणून ठेवलेली झाकणं आहेत.

थर्मासचंही तेच. १९०४ साली एका जर्मन कंपनीनं ते नाव ठेवलं, जपलं, वाढवलं. पण १९६३ साली अमेरिकेतल्या कोर्टानं सांगितलं, की हा शब्द आता कोणा एकाचा राहिलेला नाही, कोणीही वापरावा. आमच्या आजीनं हा निकाल वकील न लावता दिला होता.

रॉकेल घरातून गेलं ते बरंच झालं. नाहीतर आमच्याकडे रॉकेल म्हणायचं, घासलेट म्हणायचं की सासूबाईंसारखं मातीचं तेल म्हणायचं, यावर रोज भडका उडाला असता. आणि रेशनच्या दुकानात ऐटीत केरोसीन म्हणणाऱ्याचाही पाय जमिनीवर नव्हता, कारण केरोसीन हे मुळात अब्राहम गेस्नर या माणसानं १८५४ साली नोंदवलेलं मालाचं नाव.

हे सगळं अंगवळणी पडलंय असं मला वाटत होतं. पण दोन वर्षांपूर्वी या तिघी मायलेकी-विहिणी एका लग्नाला अमरावतीला गेल्या आणि मी घरात एकटा राहिलो. दुपारी फोन आला. लॉजवाल्याला आईचं आधार कार्ड हवं होतं, फोटो काढून लगेच पाठव.

"कुठे आहे?"

"गोदरेजमध्ये," आई म्हणाली.

आमच्याकडे गोदरेजचं काहीही नाही. त्या कंपनीनं १९२३ साली लोखंडी कपाटं करायला घेतली. तेव्हापासून लोखंडाचं दार असलेल्या प्रत्येक उभ्या वस्तूला आई गोदरेज म्हणते. पण ऐन वेळी हे मला आठवेल तर शपथ. मी कुलपं बघत फिरलो.

"अहो, आलमारीत बघा," मागून बायको म्हणाली. "चाबी वर ठेवली आहे. पन्नीत."

पन्नी म्हणजे मला मिठाईवरची चंदेरी चकचकीत पन्नी माहीत. मी टेबलावर चढून सगळ्या कपाटांच्या डोक्यावर काही चमकतंय का ते बघितलं. फक्त धूळ आणि जुनं कॅलेंडर.

"पन्नी नाही मिळत."

"अहो, कॅरीबॅग हो! काळी!"

कॅरीबॅग मिळाली, तिच्यात किल्ली मिळाली. कुठल्या कपाटाची, ते कळेना.

"कुठल्या आलमारीची?"

"अरे, गोदरेजची," आई म्हणाली.

"तसं नाही जी," सासूबाईंचा आवाज आला. "जावईबापू, ज्या खोलीत फडा असते न, तिथली."

फड्यासह मी तिथे पोचलो. दार उघडलं. आई म्हणाली, वरच्या खणात कोलगेटचं खोकं आहे, त्यात कागद आहेत. वरच्या खणात लाल खोकं होतं. मी या वेळी क्षणभरही विचार न करता तेच उचललं. आधार कार्ड त्यातच होतं. चाळीस मिनिटं लागली होती. तोवर लॉजवाल्यानं कंटाळून, नुसतं नाव लिहून घेऊन, खोली देऊन टाकली होती.

आता चिरंजीव मोठे झालेत आणि त्यांना या कशाशीच कर्तव्य नाही. सगळं फोनवरून मागवतात. गेल्या महिन्यात त्यांनी मावशींचे गुडघे दुखतात म्हणून एक वस्तू मागवली. लांब दांडा, खाली चपटी पट्टी, तिला मऊ झुलपं, आणि दांड्याला एक खटका. तो ओढला की झुलपं स्वतःला पिळून घेतात. पुठ्ठ्यावर इंग्रजीत तीन ओळींचं नाव होतं. चौघीजणी तिच्याभोवती उभ्या राहिल्या. आई म्हणाली, ही केरसुणी नव्हे. सासूबाई म्हणाल्या, पोछा तर नाहीच. बायकोनं पहिल्यांदाच वाद घातला. म्हणाली, झाडूही म्हणता येणार नाही. मावशींनी दांडा हातात घेऊन दोनदा खटका ओढला आणि विचारलं, "कुठनं आणलं म्हनायचं हे?"

"ऑनलाइन," चिरंजीव फोनमधून मान वर न करता म्हणाले.

झालं. नाव पडलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे फरशीवर ऑनलाइन फिरवतात, ऑनलाइन उन्हात वाळवतात, ऑनलाइनचा खटका अडकला तर मला हाक मारतात. दोन बोलींच्या विहिणी आणि जतच्या मावशी एका शब्दावर राजी झाल्या, तर मी कोण मोडता घालणारा?

परवा घरूनच ऑफिसची मीटिंग चालू होती. आमचे साहेब स्क्रीनवर आकडे दाखवत होते, आणि माझा माइक चालू राहिला होता हे मला ठाऊक नव्हतं. मावशींनी आतून खणखणीत आवाजात विचारलं, "दादा, ऑनलाइन कुठाय?"

साहेब थांबले. "हो, मी आहे ना ऑनलाइन. कोण विचारतंय?"

"संडासामागं बघा," मी मावशींना ओरडून सांगितलं, "उलटा टांगून ठेवलाय."