‘चार बाइट वाचवून काय होणार?’

नागपुरातल्या नेटवर्किंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय: “सॅटेलाइट नेट रडतं ते अंतरामुळे. पॅकेट कसंही गुंडाळा, चार बाइट वाचवून काही होत नाही. आणि जीएसई तर चेकसमच काढून टाकतं, डेटा खराबच येणार.” (जीएसई म्हणजे इंटरनेटचं पॅकेट उपग्रहाच्या फ्रेममध्ये थेट गुंडाळायची पद्धत; चेकसम म्हणजे डेटा बिघडला का, हे तपासणारा आकडा.)

अंतराचं बरोबर आहे. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. विचारणा जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतोच. पण उशीर वेगळा, क्षमता वेगळी. ट्रान्सपॉन्डरचं, म्हणजे उपग्रहावरच्या प्रक्षेपकाचं, भाडं मेगाहर्ट्झवर लागतं, मिलिसेकंदांवर नाही.

‘चार बाइट’ हा हिशेब कुणी केला कोण जाणे. जुन्या पद्धतीत, म्हणजे एमपीईत, आयपी पॅकेटला १२ बाइटांचं हेडर आणि ४ बाइटांचा सीआरसी (हाच तो चेकसम) लागतो. मग ते सगळं १८८ बाइटांच्या ट्रान्सपोर्ट स्ट्रीम पॅकेटांत भरायचं, जी मुळात टीव्हीसाठी घडवलेली. त्यातही दर पॅकेटला ४ बाइट हेडरचे. ४० बाइटांची टीसीपीची पोच, म्हणजे ‘डेटा मिळाला’ असं कळवणारं छोटं पॅकेट, घ्या. पॅकिंग, म्हणजे उरलेल्या जागेत पुढचं पॅकेट भरणं, चालू असेल तर ती सुमारे ५७ बाइट खाते. बंद असेल तर अख्खे १८८, म्हणजे बरंचसं नुसतं भरताड! जीएसईत तीच पोच ४४ ते ५० बाइटांत बसते. १,५०० बाइटांच्या पॅकेटवर मात्र, पॅकिंग धरून, फायदा जेमतेम ३ टक्के. फक्त मोठ्या फायली उतरवणाऱ्याला फरक जाणवणार नाही, हे मान्य. पण गडचिरोलीकडे व्हीसॅटवर (छोट्या डिशच्या उपग्रह जोडणीवर) चालणारं एटीएम सिनेमे उतरवत नाही.

चेकसमची गोष्ट अर्धीच सांगितली आहे. अखंड पॅकेटला जीएसई सीआरसी लावत नाही, कारण खाली डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रसारण मानकाच्या फ्रेमला एलडीपीसी आणि बीसीएच असं चुका दुरुस्त करणारं दुहेरी कोडिंग असतंच. पॅकेटचे तुकडे केले, की शेवटच्या तुकड्यावर ३२ बिटांचा सीआरसी येतो. जोडणी चुकली तर तो पकडतो.

पावसाबद्दल मजकुरात चकार शब्द नाही. जुलैत केयू या उपग्रह बँडवर पावसाने सिग्नल पडला, की एसीएम ही सिग्नलशी जुळवून घेणारी यंत्रणा मॉड्युलेशन-कोडिंग बदलते आणि फ्रेममध्ये मावणारा डेटा घटतो. जीएसई पॅकेट त्या मापाने कापतं, उरलेलं पुढच्या फ्रेममध्ये टाकतं.

अडचण आहे ती हब (पुरवठादाराचं मुख्य केंद्र) आणि मोडेम दोन्हीकडे जीएसई असावं लागतं, ही. तेव्हा भाऊ, पुरवठादाराला तेच विचारा. आणि नसेल, तर एमपीईचं पॅकिंग तरी चालू आहे का, हेही.