ज्यू लोकांच्या लग्नाबद्दलचा तो मेसेज खोटा आहे

आर्वीकडच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरून राह्यला की ज्यू लोकांत पोट्टा-पोट्टी लग्नापर्यंत एकमेकांचं तोंड पाहात नाही, बाप म्हणेल तिथं सोयरीक, अन म्हणून त्यांच्यात काडीमोडच होत नाही. साफ खोटं आहे हे. काल सोयाबीन सोंगून आलेल्या माझ्या पुतणीले तिच्या मामानं मोबाईल समोर धरून हाच मेसेज वाचून दाखवला, पोरगी हातात विळा धरून गप उभी, म्हणून लिहून राह्यलो.

त्यांच्या तालमूद नावाच्या धर्मग्रंथातच आहे की बाईले पाहिल्याबिगर पुरुषानं लग्न ठरवू नये, अन पोरगी मोठी होऊन 'मले हाच पाहिजे' म्हणत नाही तोवर बापानं तिचं ठरवू नये. कट्टर घरांत मध्यस्थ स्थळ आणतो, घरचे चौकशी करतात, हे खरं, पण मग दोघं बाहेर भेटतात, बोलतात, नाही जमलं तर पोरगी बी सरळ नाही म्हणू शकते. काडीमोड बी आहे, त्याले गेट म्हणतात, नवऱ्यानं लेखी द्यायचा. अन लग्नाच्या केतुबा करारात बायकोले काय देणं लागते ते आधीच लिहिलेलं असते!

अन हे लोक परके बी नाहीत, कोकणातले बेने इस्राएल हे ज्यूच, पेणकर, रोहेकर अशी आडनावं, घरात मराठी, लग्नाआधी मेंदी, पोहे-खोबऱ्याचा गोड मलिदा.

ज्यानं तो मेसेज टाकला त्यानं हा खुलासा बी त्याच ग्रुपवर टाकावा, हात जोडून सांगतो.